काढून टाकलेल्या पानावरचा आवाज

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आले आहे आणि खरं सांगते, बहुतेक वेळा हसून पुढे गेले आहे. रिकामा बंगला, पैंजणांचा आवाज, रस्त्यात गाडीला हात करणारी बाई… माझं अशा गोष्टींशी कधी जमलंच नाही. माझं काम कॉम्प्युटरवरचं. तिथे काही बिघडलं की त्याला कारण असतं, आणि डोकं शांत ठेवून शोधलं की ते सापडतं. मी देवाला हात जोडते, पण सर्व्हर बंद पडला तर नवस बोलत नाही.

मग हे का लिहितेय? कारण यावेळी मला कारण सापडलेलं नाही. आणि मी चिडलेली आहे, हे दुसरं. भीती मला वाटलीच नाही, त्यामुळे अंगावर काटा यावा म्हणून कोणी वाचायला बसलं असेल तर निराशा होईल. राग मात्र जागोजागी दिसेल. तो लपवून लिहायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही.

मी शहाद्याची, जिल्हा नंदुरबार. काही वर्षं नाशिकला एका कंपनीत होते. मग बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, बायपास झाली आणि मी परत आले. घराच्या वरच्या खोलीत टेबल टाकून वेबसाइट बनवते. शाळा, बियाण्यांची दुकानं, एक मंगल कार्यालय, नंदुरबारचे एक मिरचीचे व्यापारी, अशी सगळी गिऱ्हाइकं. त्यातच नंदुरबारच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं काम आलं. नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका.

त्यांची साइट आधीपासून होती. डॉक्टरांचे फोटो, उद्घाटनाचे फोटो, नारळ फोडतानाचे फोटो. मी म्हटलं, आपल्या जिल्ह्यात आजारी माणसाला खरंच काय शोधावं लागतं ते तरी ठेवा. तेव्हाच्या मेडिकल ऑफिसरना ते पटलं आणि त्यांनी मला रमिला सिस्टरांकडे पाठवलं.

रमिला सिस्टर त्याच हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. स्वतः पावरा समाजाच्या, माहेर धडगावच्या वरच्या अंगाला, आता मुलाकडे शहाद्यातच राहतात. त्या म्हणाल्या, सगळं राहू दे, आधी सिकलसेलचं कर.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. सातपुड्यातल्या पाड्यांवर हा आजार घराघरात माहीत आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हातपाय ठणकतात, रक्त कमी होतं. लहान मुलांच्या बाबतीत एक प्रकार फार वाईट असतो. पाणथरीत, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या प्लीहेत, एकदम रक्त साठतं. पोट फुगतं, मूल पांढरं पडतं, आणि काही तासांत ते हाताबाहेर जाऊ शकतं. तेव्हा घरगुती उपायात वेळ न घालवता जिथे रक्त चढवता येतं तिथेच न्यावं लागतं. आईला डाव्या बरगडीखाली चाचपून पाणथरी बघता आली तर हे लवकर लक्षात येतं.

सिस्टरांनी हे सगळं सोप्या मराठीत आणि पावरीत, म्हणजे पावरा लोकांच्या बोलीत, सांगितलं, मी लिहून घेतलं. शिवाय वाचता न येणाऱ्या बायांसाठी प्रत्येक पानावर त्यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. माझ्या वरच्या खोलीत खिडकीला गोधडी लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत आम्ही ते केलं. खाली भाजीवाला ओरडला की परत पहिल्यापासून. सिस्टर एकदाही वैतागल्या नाहीत. उलट प्रत्येक वेळी जरा अजून हळू बोलायच्या… समोर एखादी घाबरलेली आई बसली आहे अशा.

पानं तयार झाली, साइटवर चढली, आणि कोणाला सापडेनात.

आता साइटमॅपबद्दल सांगावंच लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सर्च इंजिनचे प्रोग्राम, आम्ही त्यांना बॉट म्हणतो, वेबसाइटवर फिरून पानं वाचतात आणि आपल्याकडे नोंदवून ठेवतात. तुम्ही काही शोधलं की त्या नोंदींमधून उत्तर येतं. हे बॉट एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जातात. ज्या पानाला कुठूनच लिंक नाही तिथे ते पोचत नाहीत. आमच्या डोंगरातली गावं अशीच असतात. गावाचं नाव एक, पाडे लांब लांब पसरलेले. नवीन माणूस आला तर रस्त्यावरचा पाडा बघून गाव संपलं असं समजतो. कोणीतरी त्याला सांगावं लागतं की बाबा, नाल्यापलीकडे अजून एक पाडा आहे, टेकडीमागे अजून एक. साइटमॅप म्हणजे हे सांगणारी एक साधी फाइल. साइटवरच्या पानांचे पत्ते, कुठलं पान शेवटचं कधी बदललं, एवढंच तिच्यात असतं. ती दिली म्हणजे प्रत्येक पान नोंदवलं जाईलच अशी हमी नाही, पण निदान पान आहे हे तरी बॉटला कळतं.

हॉस्पिटलच्या साइटवर साइटमॅप होता, पण जुन्या माणसाने कधीतरी हाताने केलेला आणि तसाच सोडलेला. त्यात आमची पानं नव्हतीच. मुख्य मेनूतही नव्हती, कारण ऑफिसला तिथे 'आमच्याविषयी' आणि 'फोटो गॅलरी' हवी होती. मी नवीन साइटमॅप केला, सर्च इंजिनला कळवला, आणि काही आठवड्यांत पानं शोधात दिसायला लागली. फार लोक येत नव्हते. पण जे येत ते मोबाइलवरून यायचे आणि रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकायचे. मी सिस्टरांना फोन करून सांगायचे, आज कोणीतरी तुम्हाला ऐकलं. त्या दर वेळी विचारायच्या, कुठून? मी म्हणायचे, ते नाही कळत सिस्टर.

मग ट्रस्टचे सेक्रेटरी बदलले. मेडिकल ऑफिसरही नोकरी सोडून गेले. नवीन सेक्रेटरींनी पुण्याची एक एजन्सी नेमली, साइट 'प्रीमियम' दिसावी म्हणून. मला व्हिडिओ मीटिंगला बोलावलं. एजन्सीचा एक माणूस, कधी नंदुरबार स्टेशनवर उतरलेला नसेल, मला शिकवायला लागला. ह्या पानांना ट्रॅफिक नाही. हा थिन कन्टेन्ट आहे, म्हणजे दम नसलेला मजकूर. ही भाषा कोण सर्च करतं? ही पानं साइटमॅपमध्ये ठेवली की क्रॉल बजेट वाया जातं.

क्रॉल बजेट! म्हणजे बॉट एका साइटवर किती वेळ घालवतो त्याची मर्यादा. लाखो पानांच्या साइटना त्याची काळजी करावी लागते. आमच्या साइटवर सगळी मिळून शंभर पानं नसतील. मी तसं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, ते तज्ज्ञ आहेत, ऐकून घ्या.

मी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच मागितलं की मेनूत दाखवू नका, डिझाइन बिघडतं म्हणता ना, पण पानं राहू द्या आणि साइटमॅपमध्ये राहू द्या. बॉटला कुठे डिझाइन दिसतं? त्या माणसाने मान हलवली. शुअर, म्हणाला. सेक्रेटरींच्या देखत म्हणाला.

नवीन साइट आली. मी उघडली. फुल बॉडी चेकअप पॅकेज, कॉर्पोरेट पॅकेज, सुट्टीतल्यासारखी हसणारी परदेशी माणसं. साइटमॅप उघडला, त्यात पॅकेजं आणि डॉक्टर. आमच्या पानाचा पत्ता टाकला तर 'हे पान उपलब्ध नाही'. पानं काढली होती. रेकॉर्डिंगच्या फाइलीही सर्व्हरवरून पुसल्या होत्या. मी फोन केला, तर सेक्रेटरी म्हणाले की स्टोरेज मोकळं करायला सांगितलं होतं त्यांना.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. बापूंना कळलं. ते म्हणाले, "पोरी, साइट त्यासनी शे, त्या काय बी करोत. तू कसाले डोकं फोडी ऱ्हायनी?" साइट त्यांची, मी कशाला डोकं फोडून घ्यावं, हे त्यांचं बरोबर होतं. पण सिस्टरांना सांगायचं कसं हा प्रश्न होता. सांगितलं. सगळी गेली का, एवढं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, तुझ्याकडे आहे ना कॉपी? आहे म्हटलं. मग ठीक आहे, म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दुसरीकडे साइट काढून पानं परत लावायचं मी ठरवलं होतं. कामाच्या गर्दीत राहत गेलं. शोधात आमची पानं हळूहळू दिसेनाशी झाली, आणि एके दिवशी काहीच येईना. हे मी स्वतः तपासलं होतं, वेगवेगळ्या फोनवरून.

आता मूळ गोष्ट.

पावसाळा संपत आला होता. एका दुपारी सिस्टरांचा फोन आला. आवाज वेगळाच. विचारलं, "तू पानं परत चालू केलीस आणि मला सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, नाही सिस्टर, वेळच झाला नाही.

झालं असं होतं. दोन दिवसांपूर्वी शहाद्यातल्या एका दवाखान्यात डोंगरातली एक बाई मुलाला घेऊन आली. मूल पांढरंफटक, पोट फुगलेलं. डॉक्टर काही विचारायच्या आत तिने सांगितलं की ह्याला सिकलसेल आहे, पाणथरी वाढली आहे, रक्त लागेल. लगेच रक्त चढवलं, मूल वाचलं. नंतर डॉक्टरांनी तिला विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? ती म्हणाली, मोबाइलमध्ये सिस्टरबाई सांगतात. डॉक्टरांना रमिला सिस्टर आणि त्यांची रेकॉर्डिंगं माहीत होती. त्यांनी अभिनंदन करायला फोन केला, आणि सिस्टरांनी मला.

मी म्हटलं, पूर्वी ऐकलेलं लक्षात असेल तिच्या. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात तिने त्याच सकाळी ऐकलं.

आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. मुलांचा वॉर्ड, भर दुपार, खिडकीतून ऊन आत आलेलं. बाईचं नाव सुनंदा. वय पंचविशीच्या आतलं, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. नवरा गुजरातमध्ये मजुरीला. मुलाचं नाव रोशन, तो पलंगावर बसून बिस्किट चघळत होता. शेजारी जमिनीवर तिची सासू.

सिस्टर तिच्याशी पावरीत बोलायला लागल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की बाळ कसं आहे. सुनंदाने एकदम मान वर केली, सासूकडे पाहिलं. सासूने मान डोलावली आणि काहीतरी पुटपुटली. सिस्टरांनी नंतर मला सांगितलं, ती म्हणाली होती… हीच ती.

मी विचारलं तसं सुनंदाने मराठीत सगळं सांगितलं. रोशनला आदल्या दिवसापासून ताप होता. सकाळी तो उठेना, डोळे उघडेना, पोट घट्ट झालेलं. तिच्या पाड्यावर रेंज नाही. वरच्या टेकडीवर एका सागाच्या झाडापाशी येते, सगळे तिथेच जाऊन फोन लावतात. ती रोशनला खांद्यावर टाकून तिथे गेली, सासू मागोमाग. नवऱ्याला फोन लागला नाही. मग तिने मोबाइलला तोंडानेच विचारलं, आपल्या भाषेत, की सिकलसेलवाल्या लेकराचं पोट फुगलं तर काय करायचं. एक पान उघडलं. त्यावर दाबलं तर बाई बोलायला लागली.

बाईने सांगितलं तशी तिने डाव्या बरगडीखाली बोटं ठेवली. खाली कडक लागलं. तळहात, जीभ बघायला सांगितलं. पांढरी. पाणी पाजत राहा, झाडपाल्यात वेळ घालवू नका, रक्त मिळेल अशा दवाखान्यात न्या, आजार सिकलसेल आहे हे पोचल्याबरोबर सांगा…

हे सगळं आमच्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. शब्दन् शब्द. सिस्टर मान डोलवत होत्या.

मग सुनंदा म्हणाली, "आणि शेवटी बाई बोलली ना, की आज घाटाने जाऊ नको, दरड येणार आहे. म्हसावदवरून शहाद्याला जा. म्हणून इथे आलो, नाहीतर नंदुरबारलाच जायचो. ह्याची फाइल तिकडेच आहे."

सिस्टरांनी तिला परत विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. मग सासूला विचारलं. सासूनेही तेच सांगितलं, आपल्या शब्दांत. सासूला वाचता येत नाही, वेबसाइट म्हणजे काय तिला ठाऊक नाही. तिने फक्त एक आवाज ऐकला होता.

सिस्टर मला म्हणाल्या, "हे मी बोललेली नाही."

मला माहीत होतं. ते रेकॉर्डिंग मीच केलं होतं, मीच कापलं-जोडलं होतं. तरी कॉपी माझ्या फोनमध्ये होती, ती मी तिथेच लावली. वॉर्डात सिस्टरांचा आवाज घुमला आणि सिस्टर स्वतः समोर उभ्या. सुनंदा ऐकत होती, ओठ हलवत होती, एकदाच ऐकलेलं तिला जवळजवळ पाठ झालं होतं. 'उशीर करू नका' हे शेवटचं वाक्य आलं आणि रेकॉर्डिंग संपलं. तिने माझ्याकडे पाहिलं. वाट बघत राहिली.

"पुढचं लावा ना, ताई," ती म्हणाली.

मी म्हटलं, पुढे नाहीच आहे.

ती हसली. मी तिची गंमत करतेय असं तिला वाटलं असावं.

तिचा फोन मी हातात घेऊन बघितला. ब्राउझरच्या हिस्टरीमध्ये आमच्या पानाचा जुना पत्ता होता, तारीख ती निघाली त्याच दिवसाची, वेळ सकाळची. दाबलं तर तेच, 'हे पान उपलब्ध नाही'. फोनमध्ये रेकॉर्डिंगची फाइल नव्हती, व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवलेलं काही नव्हतं. मी सगळं उघडून बघितलं, तिच्या परवानगीने. पान तिने पूर्वी कधी उघडलंच नव्हतं. स्मार्टफोन तिच्याकडे नवीन होता, नवऱ्याने गेल्या खेपेला आणून दिलेला. आमची पानं पुसली गेली त्यानंतरचा.

ज्या जीपने ती आली तिचा ड्रायव्हर भाईदास, त्याला मी दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या स्टँडवर गाठलं. सरळ माणूस. तो म्हणाला, मी तिच्याशी भांडलो. चांदसैलीच्या घाटाने तळोदा, तिथून नंदुरबार हा रोजचा रस्ता, बाकीची सीटंही तिकडचीच. घाटातून नुकत्याच उतरून आलेल्या गाडीवाल्याला त्याने तिच्यासमोर फोन लावला. रस्ता मोकळा आहे असं त्याने सांगितलं. तरी ही बाई ऐकेना. मोबाइलवाली बाई बोलली म्हणे! शेवटी पोराचा चेहरा बघून तो तयार झाला, बाकीच्यांना उतरवलं आणि म्हसावदचा रस्ता धरला.

"म्हसावदला पोचलो नाही तर फोन," भाईदास म्हणाला. "घाटात दरड आली म्हणे. दोन्हीकडच्या गाड्या अडकल्या. संध्याकाळपर्यंत रस्ता खुलला नाही. मी ताई, गाडी चालवत राहिलो."

म्हणजे सकाळी सुनंदाने तो आवाज ऐकला तेव्हा दरड पडलेलीच नव्हती. कोणाला कळून कोणी सांगितलं म्हणावं, तर कळण्यासारखं तेव्हा काही घडलंच नव्हतं.

आता तुमच्यातले माझ्यासारखे लोक म्हणतील, सर्च इंजिनकडे जुन्या पानाची प्रत राहिली असेल. मीही तेच म्हटलं असतं. पण जुन्या प्रतीत जुनंच असतं ना? घाटाचं वाक्य कुठून येईल? शिवाय आवाजाची फाइल आमच्या सर्व्हरवरून यायची, तीच नव्हती. बायकांनी घाबरून काहीतरी ऐकलं असेल म्हणावं, तर दोघींनी एकच कसं ऐकलं, आणि नेमकं खरं होणारं कसं ऐकलं? पावसाळ्यात घाटात दरडी येतातच, अंदाज बरोबर निघाला… हे मी स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. पण अंदाज केला कोणी? सुनंदाने नाही, ती तर नंदुरबारलाच निघाली होती.

एक रस्ता उरला होता. हॉस्पिटलच्या सर्व्हरवर कोण काय मागतं याची आपोआप नोंद होत असते. माझा पासवर्ड त्यांनी काढून घेतला होता, पण ऑफिसमध्ये एक ओळखीची मुलगी होती, तिने मला समोर बसून बघू दिलं. त्या सकाळी एका मोबाइलवरून आमचं पान मागितलं गेलं होतं. एकदाच. सर्व्हरने उत्तर दिलं होतं, पान नाही. रेकॉर्डिंग मागितल्याची नोंद नाही, दिल्याची तर नाहीच. म्हणजे तिने हाक मारली हे खरं. आमच्याकडून तिला नकार गेला हेही खरं. मग तिच्या हातातल्या फोनमधून बोललं कोण?

मी हे सिस्टरांना सांगितलं. मला वाटलं त्या हात जोडतील, देवाचं नाव घेतील. त्या भडकल्या. मी त्यांना कधी इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "माझा आवाज वापरला तर मला का नाही सांगितलं? दरड येणार हे मला कळलं असतं तर मी स्वतः जाऊन उभी राहिले असते घाटाच्या तोंडाशी. त्या दिवशी सकाळी मी इथे बसून मेथी निवडत होते."

कोणावर चिडल्या होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मला मात्र कोणावर चिडायचं ते नेमकं माहीत होतं, आणि त्या माणसांनी लवकरच अजून एक कारण दिलं. डॉक्टरांकडून ही गोष्ट पसरत पसरत सेक्रेटरींपर्यंत गेली. त्यांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला, पहिल्यांदाच. म्हणाले, मॅडम, आपल्या वेबसाइटमुळे बाळाचा जीव वाचला, केवढी मोठी गोष्ट! त्यांना सुनंदाचा आणि रोशनचा फोटो हवा होता, होमपेजवर टाकायला. सिस्टरांचा सत्कार करायचा होता. घाटाच्या वाक्याचंही त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, तेवढं दैवी चमत्कार म्हणून लिहू, लोकांना आवडतं.

मी विचारलं, पानं परत लावणार का?

ते म्हणाले, ते एजन्सीला विचारावं लागेल, डिझाइनमध्ये बसतं का बघावं लागेल.

मी चहा तसाच ठेवून उठले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, बापू हे वाचतात. त्या ऑफिसात आता मला कोणी बोलावत नाही एवढं पुरे. फोटो त्यांना मिळाला नाही. सिस्टर सत्काराला गेल्या नाहीत.

त्याच आठवड्यात मी वेगळी साइट काढली आणि आमची सगळी पानं लावली, जशीच्या तशी. साइटमॅपमध्ये पहिल्याच ओळींना सिकलसेल आणि पावरी. सर्च इंजिनला कळवलं. बॉट येऊन गेले, पानं हळूहळू दिसायला लागली आहेत. रेकॉर्डिंग मी रोज एकदा शेवटपर्यंत ऐकते. 'उशीर करू नका' वर संपतं. त्यापुढे काही नाही.

रोशनला घरी सोडलं त्या दिवशी मी आणि सिस्टर दवाखान्यात गेलो होतो. भाईदासची जीप बाहेर उभी होती. सिस्टरांनी सुनंदाला सगळं समजावून सांगितलं, की ते पान तेव्हा साइटवर नव्हतं, ते काढून टाकलं होतं, त्यामुळे तू जे ऐकलंस ते कुठून आलं आम्हाला माहीत नाही. तिने शांतपणे ऐकलं. आवाज कुठून आला याचं तिला काही विशेष वाटलं नाही. रोशनला कडेवर घेतलं आणि मला विचारलं,

"पण ताई, तुम्ही लोकांनी ते काढलंच कशाला?"